लसणाच्या वासाचं चिभड

धानाच्या लोंब्या ताठ उभ्या दिसल्या की माणसानं घाबरावं, हे मला शेतकीच्या शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. ते मला बोरीच्या तांड्यावर कळलं, आणि तेही स्वतःच्या मूर्खपणाची फळं दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाहून. त्या तांड्यावरच्या एका घरानं मला तेव्हा सांभाळून घेतलं.

तांडा पुसदपासून सहा-सात कोसांवर. मी शेतकी खात्यात सहायक होतो. बुडाखाली सरकारी सायकल, खांद्याला खाकी पिशवी आणि डोक्यात सगळं आपल्यालाच कळतं ही हवा. बासष्ट साली पडीक जमिनी वाटल्या गेल्या, त्यात तलावाखालची तीन एकर खेमसिंगला मिळाली. जमीन कसली, चिभडच ते. तलावाचं पाणी आतून पाझरायचं आणि जूनपासून दिवाळीपर्यंत माणूस पोटरीपर्यंत रुतायचा. अट अशी होती की तीन वर्षांत पटवाऱ्याला उभं पीक दाखवायचं, नाहीतर जमीन परत. वरच्या अंगाला सदाशिवरावांचं कपाशीचं वावर होतं. या तुकड्यासाठी त्यांनीही अर्ज केला होता, पण जमीन खेमसिंगला गेली, म्हणून ते त्याच्याशी बोलत नसत.

खेमसिंगच्या घरात चार माणसं. तो स्वतः, बायको मानीबाई, चौथीत शिकणारी मुलगी बिजली आणि म्हातारा बाप बाबूसिंग. बाबूसिंगनं लहानपणी आपल्या बापामागून बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं होतं. स्वतःची जमीन या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणाला नव्हती. सात-बाऱ्यावर नाव लागलं त्या दिवशी खेमसिंग बांधावर नुसता बसून राहिला होता, असं मानीबाई सांगायची.

"पायाले लागलेली माती घरी आणली यानं," ती म्हणायची. "म्हने धुवू नको."

त्या चिभडात लव्हाळा असा गच्च माजला होता की कुदळ मारली तर उडून परत यायची. चौघांनी मिळून महिनाभर खणलं. मानीबाईच्या हातांत कोपरापर्यंत चढवलेल्या बल्यांच्या बांगड्यांखाली घामानं कातडी सोलून निघाली. खणलेल्या जागी आठ दिवसांत पुन्हा हिरवे कोंब वर. अशा वेळी मी तिथं देवदूतासारखा पोचलो, म्हणजे मला तसं वाटलं.

एका कंपनीचा माणूस जीपनं येऊन गेला होता. त्यानं मला पांढऱ्या भुकटीचे डबे दिले. "यात सोमल आहे, म्हणजे आर्सेनिक," तो म्हणाला, "पण साधा नव्हे, सेंद्रिय. कार्बनाशी बांधलेला. माणसाला तितका बाधत नाही." डब्यावरच्या कागदात एकच फवारणी लिहिली होती. मी तीन करायला लावल्या. एकानं तण मरतं तर तिनांनी मुळासकट मरेल, हा माझा हिशेब. खेमसिंग पाठीवर पंप घेऊन चिखलातून चालत होता आणि मी कोरड्या बांधावरून हात हलवत होतो.

लव्हाळा मेला. तांड्यानं मला नारळ दिला, मी तो घेतला.

दुसऱ्या वर्षी आम्ही धान लावलं. जिथं कपाशी कुजते तिथं धान उभं राहतं, एवढं साधं गणित होतं. आषाढात रोवणी झाली. मानीबाई आणि बिजली वाकून वाकून पऱ्ह्याची रोपं लावत मागं सरकत आणि बाबूसिंग बांधावरून जुड्या फेकायचा. धान असं माजलं की मी सायकल थांबवून पाहत राहायचो. भादव्यात एकदा चिखलात पाय घातला तर भपकन वास आला. कुणी जवळच लसूण ठेचत असल्यासारखा.

"मानीबाई, जेवण इथंच आणलं का?" मी विचारलं.

"नाई साहेब. हा वास वावराचाच हाये. म्या घरी बी सांगतलं, तं हे म्हनते तुले भूक लागली असन."

मी हसलो. चिखलाला लसणाचा वास येतो याचं मला नवल वाटलं, पण नवल वाटून मी सायकलवर बसून निघून गेलो.

कार्तिकात धान पिकायला हवं होतं. शेजारच्या गावचं धान पिवळं होऊन वाकलं आणि आमचं हिरवंगार, सरळ उभं. एकेक लोंबी शाळेतल्या पोरांसारखी ताठ. खेमसिंगनं एक लोंबी हातावर चोळली. हातात नुसता कोंडा आला. दुसरी चोळली, तिसरी चोळली. मग तो बांधाच्या कडेकडेनं चालत प्रत्येक ठिकाणची चोळत गेला, आणि मी मागोमाग. तीन एकरांत मिळून घरच्यांना आठ दिवस पुरेल इतकं धान निघालं नाही. बाकीचं सगळं पोचट. बैलांनीसुद्धा त्या तणसाला, त्या पेंढ्याला, तोंड लावलं नाही.

सदाशिवरावांचे मजूर वरून ओरडले, "काहो खेमसिंग, धान हाये का झाडू लावले?"

खेमसिंगनं विळा कमरेला खोचला आणि तो उलट्या बाजूनं घरी गेला, म्हणजे त्या लोकांसमोरून जावं लागू नये. तो फेरा अर्ध्या कोसाचा होता.

आता एकच वर्ष उरलं होतं. त्या हिवाळ्यात आम्ही सगळे खेमसिंगच्या ओट्यावर बसून डोकं खाजवत होतो. दोष औषधाचा, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. ते जमिनीतून काढायचं कसं, हा प्रश्न होता. तेव्हा बाबूसिंग बोलला.

"मिठाचं पोतं नदीत पडे ना साहेब, तं उचलून पाहावं तवा नुसतं बारदान हाती. सगळं मीठ पान्यासंगं गेलेलं. माहा बाप तिथंच नदीत बसून रडे. पानी कोनतीबी अशी चीज खाऊन टाकते."

खेमसिंगचे डोळे चमकले. "बराबर हाये बा. थे भुकटी पान्यातच विरघळली व्हती ना? मंग पान्यानंच जाईन. अवंदा बांध हातभर वाढवतो. पानी कोंडून धरतो. थे मुरता मुरता सगळं खाली धुवून नेईन."

मीठ वाहणाऱ्यांच्या घरात दुसरा विचार कसा येणार? मीठ त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात गमावलं होतं. खारट जमीन पाण्यानं धुतात, हे तर मी पुस्तकातही वाचलं होतं. मी मान डोलावली. माझ्या डोलावलेल्या मानेची किंमत तोवर त्या घरानं पुरेशी मोजलेली होती, तरी त्यांनी ती धरली.

चौसष्ट सालच्या उन्हाळ्यात त्यांनी बांध वाढवला. मानीबाई डोक्यावरून मातीची टोपली वाहायची, खेमसिंग चोपण्यानं थापायचा. पाऊस लागला तसं पाणी तुंबलं आणि धान मांडीभर पाण्यात उभं राहिलं. एक थेंब बाहेर जाऊ द्यायचा नाही, हा खेमसिंगचा पण. बांधावरच्या पळसाजवळच्या कोपऱ्यात एक खेकडा रोज बांधाला भोक पाडायचा आणि खेमसिंग रोज सकाळी ते बुजवायचा. चिंध्या कोंबून झाल्या, दगड झाले, शेवटी बाभळीचे काटे झाले. खेकड्यानं काही हार मानली नाही.

"याच्या मायचा खेकडा," खेमसिंग दात ओठ खात म्हणायचा, "अंदरच्या बाजूनं बीळ काढून ठेवते."

पोळा चार दिवसांवर आला होता. मी गेलो तर नवराबायको बांधावर उभे राहून भांडत होते. खेमसिंगच्या हातात चिखलाचा गोळा होता आणि मानीबाई त्या भोकासमोर पाय रोवून उभी होती. ती त्याला भोक बुजवू देत नव्हती.

"साहेब, तुमीच सांगा या बाईले. पागल झाली."

"पागल तं पागल," मानीबाई म्हणाली. "साहेब, मागच्या साली धान कोनं कापलं? म्या कापलं. तुमी पाह्यलं का, यानं पाह्यलं का? कापनारीच्या हाताले वजन समजते. सगळ्या वावरात मुठीत नुसती हवा. पन या कोपऱ्यात, दोन खाटा मावतीन एवढ्या जाग्यात, लोंब्या वाकल्या व्हत्या. दाना भरला व्हता. घरी जे चार पायल्या निघाले थे इथलेच."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय! मागच्या साली बी हा खेकडा इथंच व्हता. हा कोपरा उंच, जरा पानी निघून गेलं का उघडा पडे, मातीले भेगा पडत. अन् वास घेऊन पाहा साहेब. तिकडं लसून, इथं काई नाई."

मी पायजमा वर केला आणि चिखलात उतरलो. मध्यावर जाऊन पाय ढवळला तर तोच वास भपकन नाकात. मग कोपऱ्यात आलो. तिथं पाणी कमी होतं, माती वर आलेली, आणि तिला नुसता मातीचा वास होता. मी दोन्ही ठिकाणी दोन-दोनदा वाकलो. माझ्या नाकापुढं इतके दिवस ठेवलेली गोष्ट मानीबाईनं दाखवावी लागली.

"पानी जाऊ द्या," ती म्हणाली. "सगळ्या बांधीचं. एकदा भेगा पडू द्या, मंग पुन्हा भरू."

"कशानं भरशीन?" खेमसिंग ओरडला. "पंधरा दिवस झाले, आभायात ढग नाई! गेलेलं पानी तुह्या बापानं आणून देनार का? हे शेवटचं साल हाये. पटवारी येनार. धान उन्हानं जळलं तं जमीन गेली. समजते तुले?"

"समजते म्हनूनच बोलून राह्यली."

मग तो माझ्याकडे वळला. "साहेब, तुमी सांगा. तुमी म्हनसान तसं."

त्या क्षणी मला पळून जावंसं वाटलं. मी दोन वर्षं जी गोष्ट पोटात ठेवली होती ती तोंडाशी आली.

"खेमसिंग, मला विचारू नको," मी म्हणालो. "डब्यावर एकच फवारणी लिहिली होती. तीन मी माझ्या मनानं मारायला लावल्या. तुझ्या जमिनीत तिप्पट सोमल मीच घातला आहे. माझ्या बोलण्यावर आता तू चिमूटभरही जाऊ नकोस."

खेमसिंगनं हातातला गोळा घट्ट दाबला. मानीबाई मात्र हातातली काडी मोडत म्हणाली, "माहीत हाये आमाले."

"कसं?"

"बिजलीनं डब्यावरचं वाचून सांगतलं व्हतं. म्या यायले बोलली नाई. यायचा राग वाईट हाये."

"मग मला तांड्यावर येऊ का दिलं, मानीबाई?"

"तो जीपवाला पुन्हा आला का एकडाव तरी? तुमी तं दर आठवड्याले येता. पाह्यता, तोंड पाडून जाता. चुकलेला मानूस येत असन तं त्याले येऊ द्यावं."

मी बांधावर बसलो. मोठ्या माणसानं रडू नये म्हणतात, पण मी पाण्याकडे तोंड करून थोडा रडलो. मग उठून एवढंच म्हणालो, "मी तुझ्या जागी असतो तर मानीबाईचं ऐकलं असतं. तिनं हातानं पाहिलंय. आपण दोघांनी नुसतं डोक्यानं."

खेमसिंगनं हातातला गोळा फेकून दिला. मग त्यानं कुदळ उचलली आणि जो बांध त्यानं उन्हाळाभर थापला होता त्यावर पहिला घाव घातला. पाणी आधी गढूळ झिरपलं, मग धो धो नाल्याकडे निघालं. बाबूसिंग काठी टेकत आला आणि वाहत्या पाण्याकडे बघून त्यानं तोंड फिरवलं. त्याचं मीठ पुन्हा एकदा नदीत चाललं होतं.

पुढचे बारा दिवस त्या घरात चुलीवर काय शिजलं हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. पोळ्याला बैलाच्या शिंगांना रंग लागला नाही. ऊन कडक पडलं. चिखल आधी चमकला, मग राखाडी झाला, मग त्याला भेगा पडल्या. आधी केसाएवढ्या, मग बोट जाईल इतक्या. धानाची पानं दुपारी सुरळी होऊन राहत. सदाशिवरावांचे मजूर आता रोजच तमाशा पाहिल्यासारखे दोन वावरांमधल्या धुऱ्यावर बसायचे.

"बंजाऱ्यानं धान वाळत घातलं रे!"

खेमसिंग खाली मान घालून भेगांतून उगवलेलं तण काढत राहायचा. मानीबाई रोज सकाळी मातीचं ढेकूळ उचलून नाकाशी धरायची. नवव्या दिवशी तिनं ते मला दिलं. लसणाचा मागमूस नव्हता.

मी नागपूरच्या माझ्या जुन्या मास्तरांना पत्र टाकलं होतं. त्यांचं उत्तर अकराव्या दिवशी आलं. त्यांनी लिहिलं होतं, मातीत लोखंडाचा गंज असतो, तो सोमलाला धरून ठेवतो. पाणी तुंबून मातीची हवा कोंडली की गंज विरघळतो, सोमल सुटतो आणि धानाची मुळं तो पितात. काही भाग वायू होऊन उडतो, त्याला लसणाचा वास येतो. पाणी काढून माती वाळू द्या, हवा आत गेली की तो पुन्हा बांधला जाईल. मात्र धान पोटरीत येण्याआधी, म्हणजे लोंबी आत फुगण्याआधी, पाणी परत द्या, नाहीतर सगळंच जाईल. मी ते पत्र ओट्यावर मोठ्यानं वाचलं. बाबूसिंगनं विचारलं, "म्हंजे खेकड्याले नागपूरपेक्षा आधी माहीत व्हतं?"

"खेकड्याला आणि मानीबाईला," मी म्हणालो.

पण पाणी कुठून द्यायचं? धान पोटरीत यायला आठवडा उरला होता आणि आभाळ कोरडं ठाक. तलावाचं पाणी बाहेर सोडायच्या मोरीच्याही खाली गेलेलं, पाझरही आटलेला. वर सदाशिवरावांनी नाला अडवून डोह केला होता, त्यात मात्र पाणी होतं. ते मागायला जायचं म्हणजे ज्याला ही जमीन हवी होती त्याच्याच दारात जायचं. खेमसिंगनं धुतलेलं धोतर नेसलं, पागोटं बांधलं आणि उंबऱ्यातून तीनदा परत फिरला. शेवटी मी आणि मानीबाईनं त्याला मधे धरून नेलं.

सदाशिवराव अंगणात दोर वळत बसले होते. खेमसिंगनं हात जोडले, पण तोंडातून शब्द फुटेना. मानीबाईच बोलली.

"पाटील, पानी पाह्यजे. धान पोटरीत येते आता."

सदाशिवराव दोर वळतच राहिले. पीळ पुरा झाल्यावर म्हणाले, "बारा दिवसांपासून पाहून राह्यलो मी. पह्यले वाटलं हे येडे झाले. मंग वाटलं, येडा मानूस येवढी हिंमत नाई करत." ते उठले. "थे जमीन मले पाह्यजे व्हती, खेमसिंग. खोटं कायले बोलू? पन अशी नाई पाह्यजे. उभं धान मारून जमीन घेतली तं माहे बैल बी तिथं चालनार नाईत. खोदा पाट. अन् माह्या गड्यायले बी घेऊन जा. लय दिवस बसून हासले साले."

दुसऱ्या दिवशी पहाट फुटल्यापासून पाट खोदला. अडीचशे हात लांब, मधे मुरूम लागला. हसणारे मजूर कुदळी मारत होते आणि मानीबाई त्यांना मुद्दाम विचारायची, "काहो, झाडू लावले का?" बाबूसिंग पाणी पाजत फिरत होता. माझ्या तळहातांना फोड आले आणि फुटले. माझी नोकरी आठ वर्षांची, पण हातांना फोड पहिल्यांदाच आले. संध्याकाळच्या आत डोहाचं तोंड फोडलं. पाणी पाटातून आलं आणि वाळलेल्या बांधीत शिरलं. भेगा पाणी पिताना बारीक आवाज करत होत्या. खेमसिंग गुडघ्यावर बसून ते ऐकत होता. सदाशिवराव धुऱ्यावर उभे होते. खेमसिंगनं त्यांच्याकडे पाहून पागोटं काढून हातात घेतलं.

आश्विनात लोंब्या निघाल्या. आम्ही कुणी त्यांना हात लावत नव्हतो. बिजली रोज येऊन सांगायची, "आज बी उभ्याच हाये." मग एका सकाळी ती धावत आली आणि काहीच न बोलता आपली मान तिरपी करून उभी राहिली.

पटवारी कार्तिकात आला. शहरी माणूस, धानातलं त्याला काही कळत नव्हतं. वाकलेलं पीक पाहून तो म्हणाला, "हे तर पडलेलं दिसतं."

मानीबाईनं एक लोंबी तोडून त्याच्या तळहातावर ठेवली. "तोलून पाहा."

त्यानं एक दाणा चावला, कट्ट झालं. त्यानं वहीत लिहिलं: तीन एकर, धान, उभे पीक चांगले. खेमसिंगनं मला ते तीनदा वाचायला लावलं.

मी दोन मुठी तांदूळ नागपूरला तपासायला पाठवले होते आणि उत्तर येईपर्यंत खाऊ नका असं बजावलं होतं. पंधरा दिवसांनी पत्र आलं, खाण्यास हरकत नाही. मानीबाईनं त्या दिवशी भात रांधला, वर गूळ-तूप. ताटं वाढली. पण कागदावर माझा आता फारसा भरवसा उरला नव्हता. मी म्हणालो, "पहिला घास मी खाणार. माझ्या हातून सोमल गेला, तर आधी माझ्या पोटात जाऊ दे. बिजलीला उद्या द्या."

माझं ते बोलणं जरा नाटकीच झालं. बाबूसिंगनं घसा खाकरला.

"तुमचा लंबर गेला साहेब," तो म्हणाला. "म्या आठ दिवसांपासून खाऊन राह्यलो."

खेमसिंगच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "बा! कवा? कसं?"

"तुमी वावरात गेले का मी मूठभर रांधत व्हतो. मिठाची गोठ म्याच सांगतली व्हती ना? पानी कोंडलं थे माह्याच बोलन्यानं. मंग हे बी म्याच पाहावं म्हटलं. मी गेलो असतो तं पिकलं पान गेलं असतं. काई झालं नाई. झोप बी मस्त लागते." त्यानं बिजलीचं ताट ओढून तिच्यापुढं नीट सरकवलं. "खा माय तू."

बिजली खाऊ लागली. मानीबाईनं पदर डोळ्यांना लावला आणि सासऱ्याच्या ताटात तूप वाढलं, एकदा, दोनदा, तो नको नको म्हणेपर्यंत. मी माझा घास उचलला. त्या चिभडातल्या भाताइतका गोड भात मी त्याआधी खाल्ला नव्हता आणि नंतरही नाही. मी दुसऱ्यांदा मागून घेतला.